बाळांच्या वॉर्डाचा दुसरा दरवाजा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. आमच्या कामात एक साधा नियम असतो: यंत्रणा रोजच्या दिवसासाठी नाही, सगळ्यात वाईट रात्रीसाठी बांधायची.

९ जानेवारी २०२१ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. नोव्हेंबर २०२४मध्ये झाशीत पुन्हा तेच. तिथे १८ खाटांच्या कक्षात दुपटीहून जास्त बाळं दाखल होती.

इमारत उभी राहिली, फीत कापली की नियोजन झालं, असं आपण समजतो. पण बाळाला ऊब देणारे वॉर्मर चोवीस तास चालतात, तेही ऑक्सिजनच्या शेजारी. बाळं वाढली की वायरिंगवरचा ताण वाढतो, नर्सवरचाही. म्हणून पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करताना आधी हे विचारायचं: जिल्ह्यात बाळंतपणं किती? कमी वजनाची बाळं किती? रात्रपाळीला नर्स किती? बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का?

ही माहिती मागता येते. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. जिल्हा नियोजन समिती दरवर्षी आराखडा करते, त्यातून रुग्णालयांनाही निधी मिळतो. आपण लोकप्रतिनिधींकडे शादीखाना मागतो, कब्रस्तानची भिंत मागतो. जरूर मागू. यंदा त्याच निवेदनात बाळांचा वॉर्डही लिहू.

अर्जाचा मसुदा मी आणलाय. कार्यक्रम संपल्यावर थांबा, आजच भरू.