परका कोण?

१९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि भोईवाडा-परळच्या चाळींतून एकच प्रश्न घुमू लागला : आपला कोण आणि परका कोण? त्याच दशकात मनमाडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी या प्रश्नाचे निराळे उत्तर दिले.

व्हिसेंते फेरर हा स्पेनमधील बार्सिलोनाचा. ऐन तारुण्यात तो यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला व पराभवानंतर छावणीत डांबला गेला. पुढे जेझुइट होऊन १९५२ मध्ये तो मुंबईस आला आणि काही वर्षांनी मनमाडला स्थायिक झाला. विहिरी खणण्यास त्याने शेतकऱ्यांना साह्य दिले. घाम शेतकऱ्यांचाच होता. काहींना यात धर्मांतराचा डाव दिसला. १९६८ मध्ये त्याला देश सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हा हजारो शेतकरी त्याच्यासाठी मोर्चाने निघाले. त्याला जावे लागलेच. १९६९ मध्ये तो परतला, पण महाराष्ट्रात नव्हे, आंध्रातील अनंतपूरला. तेथेच २००९ मध्ये त्याने देह ठेवला.

शेताला पाणी देणे हे लोकनियुक्त शासनाचे कर्तव्य. ते एका परदेशी माणसाला करावे लागले, ही नामुष्कीच होय. परंतु ती त्याला घालवून धुतली जात नाही. विहिरी खणूनच धुतली जाते.

गिरणी कामगारही कोकणातून, घाटावरून पोटासाठीच या शहरात आला. दुसऱ्याच्या श्रमावर पोसला जातो तो परका. श्रमाला हात लावतो तो आपला. मनमाडच्या शेतकऱ्याला हे उमगले होते. गिरणगावाने ते विसरू नये.