नऊ मिनिटांचा हिशेब



द्रुतगती मार्ग बांधायचा आणि त्यावर गाडीला लगाम घालायचा, हे कशासाठी? मुंबई-पुणे नित्य ये-जा करणारे हा प्रश्न विचारतात. चलान थेट मोबाइलवर येऊ लागल्यापासून तर फारच तावातावाने विचारतात. प्रश्न रास्त आहे, ‘तरुणांची हौस’ म्हणून तो झटकून टाकू नये.

२००२ मध्ये हा सुमारे ९४ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्यानंतर कितीतरी वर्षे मोटारींना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा होती. सपाट, दुभाजक असलेल्या सहापदरी रस्त्याला ती कमीच होती, आणि सर्रास मोडली जात होती. २०१८ मध्ये केंद्राने द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी १२० ही कमाल मर्यादा ठरवली. त्याखाली किती ठेवायची हे राज्याच्या हाती. २०१९ मध्ये आपल्याकडे सपाट भागात १०० झाली. ते योग्यच झाले. आता तिथेही १२० हवी, अशी मागणी होते. तिला माझा विरोध आहे.

हिशेब करून बघा. ९४ किलोमीटर अखंड १०० ने गेलात तर ५६ मिनिटे लागतात, १२० ने ४७. म्हणजे वाचतात नऊ मिनिटे, तीही वाटेत घाट नाही आणि टोलनाका नाही असे धरले तर.

त्या नऊ मिनिटांची किंमत काय? वेग एक पंचमांशाने वाढतो, पण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढते. पुढे अचानक ट्रक आडवा झाला असे समजा. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद लागतो. रस्ता कोरडा, टायर चांगले. १०० ने येणारी गाडी सुमारे ८३ मीटरवर थांबते. १२० ने येणारी गाडी त्याच ठिकाणी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ७० च्या वर असतो. एक गाडी ट्रकच्या अलीकडे उभी, दुसरी ७० च्या वेगाने त्याच्यात घुसलेली. पावसाळ्यात थांबण्याचे अंतर आणखी वाढते.

समृद्धी महामार्गावर १२० आहे, मग इथे का नाही, असे कोणी विचारेल. त्याची गोष्ट वेगळी. त्याची आखणीच ताशी १५० चा वेग धरून झाली, म्हणून सपाटीवर १२० तिथे चालते. बोरघाटातून जाणाऱ्या रस्त्याला ते माप लावता येणार नाही.

घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी काही चालक ट्रक न्यूट्रलमध्ये टाकतात. मग इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खोपोलीच्या बाजूला उतरेपर्यंत लागेनासे होतात. वर सपाटीवर दोन ट्रक एकमेकांना ओलांडण्याच्या नादात उजवी लेन अडवून चालतात आणि मागची मोटार चिडून डावीकडून घुसते. अशा रस्त्यावर मोटारींची मर्यादा वाढवली की मोटार आणि ट्रक यांच्या वेगातली तफावत वाढणार, आणि धोका त्या तफावतीतच आहे.

मर्यादा कुठेच कमी नाही असे मात्र मी म्हणत नाही. दुरुस्ती संपून गेल्यावरही उभी राहिलेली ४० ची पाटी खरोखर जाचक असते. अशी पाटी दिसली तर ठिकाण टिपून घ्या आणि महामार्ग पोलिसांना लेखी कळवा. आणि १२० ची मागणी करायचीच असेल तर त्याआधी जड वाहने डाव्या लेनमध्ये ठेवा, ही मागणी करा.