नाटेकरांचे मनगट



दिवसभर उन्हाने अंग पोळून निघाल्यावर संध्याकाळी व्याख्यानाला येऊन बसणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. तेव्हा फार जड विषय घेऊन मी तुमच्यापुढे उभा राहिलेलो नाही. बोलायचे आहे ते खेळाविषयी. पण निमित्त मात्र थोडे गंभीर आहे.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ मला रस्त्यात भेटले. म्हणाले, “सर, पोरगा बाहेरगावी टेनिस खेळायला गेला आणि आपल्याहून लहान पोराकडून हरून आला. लोक म्हणत होते, मुलगा होतकरू आहे. आता त्याची रॅकेट हातात राहू देऊ, की माळ्यावर टाकू?” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर एका जुन्या सामन्याची गोष्ट आठवली, आणि वाटले, हे उत्तर चारचौघांत द्यावे.

१९५१-५२ ची राष्ट्रीय ज्युनिअर टेनिस स्पर्धा. अंतिम सामन्यात दोन मुलगे समोरासमोर उभे. एक नंदू नाटेकर, १९३३ च्या मे महिन्यात सांगलीत जन्मलेला. दुसरा रामनाथन कृष्णन, १९३७ सालचा. म्हणजे नाटेकरांहून जवळजवळ चार वर्षांनी धाकटा. तो धाकटाच जिंकला. त्या वयात चार वर्षे म्हणजे केवढे अंतर, हे घरात मुले असणाऱ्यांना मी सांगायला नको. त्यानंतर नाटेकरांनी टेनिस सोडले आणि बॅडमिंटन धरले.

इतकेच ऐकले तर कोणीही म्हणेल, हरला आणि पळाला. पण जरा थांबा, आणि आधी त्या दोघांचे हात पाहा.

खेळाची शैली म्हणजे अंगावर चढवलेला दागिना नव्हे. अक्षराला जसे वळण असते, तसे हातालाही असते. विटीदांडू तुम्ही सगळेच खेळला असाल. टोला हाणणारा पोरगा वेगळा आणि कोलणारा वेगळा. टोल्याला खांदा लागतो. कोलताना विटी कुठे जाणार हे समोरच्यांना शेवटपर्यंत कळू द्यायचे नसते. ते काम मनगटाचे. एकाच गल्लीतल्या दोन पोरांत हा फरक दिसतो, आणि तो कोणी शिकवलेला नसतो.

कृष्णन यांचा खेळ ताकदीचा नव्हता. त्यांच्या सर्व्हिसला वेग बेताचा. पण चेंडू जमिनीवरून उठत असतानाच ते तो टिपायचे, जाळ्याजवळ खाली आलेला चेंडू अलगद वळवायचे, आणि प्रतिस्पर्ध्याच्याच वेगाने त्याला हरवायचे. वडील टी. के. रामनाथन हेच त्यांचे गुरू. १९५४ साली विम्बल्डनची मुलांची स्पर्धा त्यांनी जिंकली. १९६० आणि १९६१ या दोन्ही वर्षी तेथेच पुरुषांच्या उपांत्य फेरीपर्यंत ते गेले. पहिल्या वेळी नील फ्रेझरने हरवले, दुसऱ्या वेळी रॉड लेव्हरने. आणि ज्याने हरवले तोच त्या वर्षी विजेता ठरला. हाताच्या नजाकतीवर टेनिसमध्ये कुठवर जाता येते, त्याचे हे माप.

आता नाटेकर. त्यांची सारी कमाई मनगटात होती. मनगट टेनिसला लागत नाही असे नाही. पण ते तेथे किती खर्च करता येते, हा प्रश्न आहे. टेनिसचा चेंडू सुमारे ५८ ग्रॅम वजनाचा. तो वेगाने येऊन रॅकेटवर आदळतो, त्या क्षणी मनगट घट्ट धरावे लागते; ढिले पडले की फटका भरकटला. बॅडमिंटनचे फूल जेमतेम ५ ग्रॅमचे, सोळा पिसांचे. कितीही जोराने मारा, पिसांना हवा अडते आणि वाटेतच त्याचा वेग मरतो. टेनिसचे एकेरीचे मैदान ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. बॅडमिंटनचे ४४ आणि १७. तेथे जाळे मध्यभागी ३ फूट, येथे ५. शिवाय फुलाला टप्पा नाही. जमिनीला टेकले की गुण गेला. अशा खेळात जोराइतकाच चकवाही कामाला येतो. हात एकाच तऱ्हेने उचलायचा, आणि शेवटच्या क्षणी मनगटाने ठरवायचे की फूल मागच्या रेषेवर धाडायचे की जाळ्यापलीकडे टपकन सोडायचे. नाटेकरांचा जाळ्याजवळचा नाजूक खेळ नावाजला गेला तो याच बळावर.

पुढचा हिशेब सरळ आहे. विसाव्या वर्षी, १९५३ साली, ते बॅडमिंटनचे राष्ट्रीय विजेते झाले. १९५४ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत ते होते. हात तोच, मनगट तेच. फक्त ते जेथे पुरते पिकते अशी जमीन मिळाली.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की हरला की खेळ बदलावा. कृष्णन विम्बल्डनला दोनदा दाराशी जाऊन परतले, म्हणून त्यांनी टेनिस सोडले नाही. १९६६ मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत गेला तो त्यांच्याच बळावर. म्हणजे एकाला टिकून राहणे शोभले, दुसऱ्याला वाट बदलणे. कोणाला काय शोभेल हे गुणफलकावर लिहिलेले नसते.

आपले गाव मिरचीच्या बाजाराचे. जाणता व्यापारी नुसता रंग पाहून भाव बोलत नाही. मिरची हातात घेतो, मोडून पाहतो, वास घेतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण रंगावरच सौदा करतो. जिंकला की ‘होतकरू’, हरला की माळ्यावर. ‘होतकरू’ हा शब्द आपण मुलाच्या नावावर कर्जासारखा लिहितो आणि पहिल्या पराभवाला वसुलीला जातो!

त्या गृहस्थांना माझे उत्तर हे : तुम्ही मला निकाल सांगितलात, मुलाचा हात सांगितला नाहीत. तो कसा हरला? मनात आले तसे मारता आले आणि समोरचा वरचढ निघाला, की हाताला साजेल असे काही मारताच आले नाही? पहिले असेल तर रॅकेट हातात राहू द्या. दुसरे असेल तर दुसरा खेळ दाखवून पाहा. माळ्यावर टाकण्याजोगे यात काहीच नाही.

आणखी एक सांगून बसतो. नाटेकरांनी टेनिस सोडले, पण टेनिसने त्यांचे घर सोडले नाही. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई खेळांत लिअँडर पेसच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. २०२१ च्या जुलैत नंदू नाटेकर गेले. जो सामना ते हरले, त्याने त्यांचे काही हिरावले नाही. उलट त्यांचा हात त्यांना दाखवून दिला. आपल्या मुलांना तो दिसेपर्यंत आपण धीर धरू या.