पाटीवरचे नाव आणि पाकिटावरचे नाव
(स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला दहा मिनिटे दिली आहेत. कविता आणि नकला करणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मी पोस्टात पस्तीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी आपल्या गिरगावातच. तेव्हा पत्त्यांबद्दल बोलतो.

आपण शाळेत असतानाच, १९७२ साली, पिनकोड आला. ४००००४ हा आकडा पाकिटावर असला की पत्र गिरगावात येणारच. तिथून पुढे मात्र पोस्टमनचे डोके. कारण पाटीवर एक नाव आणि पाकिटावर दुसरे. लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण रेडिओचे सुटे भाग घ्यायला जाणारा कोणीही ‘लॅमिंग्टन रोडला जातो’ असेच सांगायचा. ग्रँट रोडचेही तेच. पाटीवर मौलाना शौकत अली, टॅक्सीवाल्याला मात्र ग्रँट रोडच सांगायचे.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो दोघा भावांनी. गिरगाव बॅक रोड झाला विठ्ठलभाई पटेल रोड आणि सँडहर्स्ट रोड झाला सरदार वल्लभभाई पटेल रोड. विठ्ठलभाई थोरले. मध्यवर्ती कायदेमंडळाचे निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष, १९२५ साली. दोघेही मोठी माणसे, सन्मान योग्यच. पण लोक लिहिणार व्ही. पी. रोड आणि एस. व्ही. पी. रोड! घाईत एक ‘एस’ राहिला की धाकट्याचे पत्र थोरल्याकडे.

सँडहर्स्टसाहेबाचे नाव गेले याचे मला दुःख नाही. पण तो रस्ता का झाला हे सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत वारा-उजेड यावा म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, आणि त्या ट्रस्टने गर्दीतून जे रुंद रस्ते काढले त्यातला हा एक. सँडहर्स्ट हा त्या वेळचा गव्हर्नर. नाव बदलताना ही हकीकत पाटीखाली दोन ओळींत लिहिली असती तर काय बिघडले असते?

आपल्या वाड्यांची नावे तर कोणी ठराव करून ठेवलेलीच नाहीत. फणसवाडी, केळेवाडी, खेतवाडी, मुगभाट, बोरभाट. आपल्यातले जे गोव्याचे आहेत त्यांना ‘भाट’ म्हणजे काय ते सांगायला नको, माडांची बाग. चर्नी रोडबद्दल दोन मते आहेत. एक मत म्हणजे ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून हे नाव पडले. दुसरे म्हणजे चरणी. इंग्रज सरकारने गुरे चारण्यावर कर बसवला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकुरद्वारजवळ जमीन विकत घेऊन गुरांना मोफत चरू दिले. मला दुसरे मत आवडते, आणि गुरांनाही तेच आवडले असते. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने या स्टेशनला ‘गिरगाव’ नाव देण्याचा निर्णय घेतला. गिरगाव माझे आहे, तरी मला ‘चर्नी’ हवे. ते काही इंग्रजाचे नाव नव्हे.

काही बदल मात्र मनापासून पटतात. कांदेवाडीला खाडिलकरांचे नाव दिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली काढलेला ‘नवाकाळ’ त्याच रस्त्यावरून निघत आला. तिथल्या जुन्या माणसांना ते नाव परके वाटले नाही. क्वीन्स रोडला महर्षी कर्व्यांचे नाव मिळाले. राणीच्या जागी विधवांना शिकवणारा माणूस आला, आणखी काय हवे?

आता जुन्या नावांचा अभिमान बाळगणाऱ्यांना, म्हणजे मलाही, एक गोष्ट सांगायची आहे. मी मनिऑर्डरच्या खिडकीवर असताना आपल्याच वर्गातला एक मित्र दर महिन्याला आईला पैसे पाठवायला यायचा. आज तो इथे बसला आहे, नाव सांगत नाही. फॉर्मवर तो गाव, तालुका, जिल्हा लिहायचा आणि वाडीची जागा मोकळी सोडायचा. मी एकदा म्हटले, ‘अरे, वाडी लिही, लवकर पोचतील.’ तो म्हणाला, ‘आमच्या वाडीचे नाव म्हणजे आमची जात. ते मी माझ्या हाताने लिहिणार नाही. पोस्टमनला आई माहीत आहे.’ पैसे पोचायचे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘आई असती तर पूर्ण पत्ता लिहिला असता.’

फणसवाडीचे नाव पुसले तर मी भांडेन. त्याच्या वाडीचे पुसले तर पेढे वाटीन. दोन्ही नावे जुनीच आहेत. पण पहिल्यात झाड आहे, आणि दुसऱ्यात माणसाला गावाबाहेर बसवलेले आहे.

शेवटी संपादक मंडळाला एक विनंती. स्मरणिकेच्या मागे आपल्या सर्वांचे पत्ते छापायचे आहेत. मी यादी चाळली. निम्म्यांनी लॅमिंग्टन रोड लिहिले आहे, निम्म्यांनी भडकमकर मार्ग. एकाने तर दोन्ही. कृपया काहीही सुधारू नका, जसे आहे तसे छापा. फक्त पिनकोड तपासून घ्या, तीन जणांचा चुकला आहे.