सुटून आलेल्यासाठी हलमा



२६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला जन्मठेपेचे काही कैदी सुटतात. जेलच्या फाटकाबाहेर हार, मिठाई, एखादा फोटो, आणि बातमी तिथंच संपते. त्या माणसाला मात्र तिथून बस धरून धार जिल्ह्यातल्या एखाद्या फलियात, म्हणजे पाड्यावर, नाहीतर देवासच्या एखाद्या गल्लीत जायचं असतं. चौदा-पंधरा वर्षांत घराची कौलं ढासळलेली असतात, शेत पडीक असतं, राशनकार्डावरचं नाव कमी झालेलं असतं. अंगणातली मुलं विचारतात, हे कोण?

मला आज बोलायचं आहे ते त्याच्या पहिल्या आठवड्याबद्दल.

धार-झाबुआच्या भिल्ल समाजात हलमा नावाची रीत आहे. एकट्याच्यानं न पेलणारं काम अंगावर आलं की माणूस गावाला हाक घालतो. घराघरातून माणूस आपलं फावडं-कुदळ घेऊन येतो. मजुरी कुणी मागत नाही. झाबुआत हाथीपावाच्या टेकडीवर पाणी अडवायला हजारो लोक असेच हलम्याला येतात. दुसरी रीत नोतऱ्याची. अडलेलं घर सगळ्यांना बोलावतं, जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे देतो, वहीत नोंद होते, आणि पुढं त्यांच्या नोतऱ्याला त्यात थोडी भर घालून ते परत करायचे. यात कुणी कुणावर उपकार करत नाही, म्हणून घेणाऱ्याची मान खाली जात नाही. जेलमधून आलेल्याला याहून मोठा आधार कोणता? पण तो स्वतः हाक घालणार नाही. लाजेनं त्याचं तोंडच उघडत नाही. त्याच्या वतीनं तडवीनं म्हणजे गावच्या मुखियानं, सरपंचानं, थोरल्या काकानं हाक घालावी आणि पावसाच्या आधी त्याचं घर शाकारून द्यावं.

त्याच्या हातून ज्या घराचं माणूस गेलं, त्या घराचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून पुढं जाता येत नाही. भांजगडीत, म्हणजे गावातल्या तडजोडीच्या बैठकीत, पंच दोन्ही घरांना समोरासमोर बसवतात, भरपाई ठरवतात. कोर्टाची शिक्षा त्यानं चुकत नाही, चुकूही नये. पण शिक्षा भोगून झाल्यावर त्याच रस्त्यानं दोन्ही घरांना पाणी भरायचं असतं. सुटकेच्या आधीच वडीलधाऱ्यांनी त्या घरी जाऊन बसलं पाहिजे.

देवासचं दुखणं वेगळं. इथं हलमा नाही. भाड्याची खोली आणि कारखान्याचं फाटक आहे. पोलीस पडताळणीचा कागद मागितला की बोलणं तिथंच खुंटतं. इथून तासाभरावर इंदूरच्या खुल्या जेलमध्ये कैदी बायकामुलांसह राहतात आणि दिवसा शहरात कामाला जातात. शिक्षा चालू असताना इंदूरचा मालक ज्याला काम देतो, त्याला शिक्षा संपल्यावर देवासच्या मालकानं का नाकारावं?

आपल्या मराठी संस्थानांपैकी औंधनं कैद्यांवर असा विश्वास फार पूर्वी टाकून दाखवला. १९३९ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकारानं, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंतीविना राहून कैद्यांनी तिथं शेती केली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट 'दो आँखें बारह हाथ' त्यातूनच सुचला.

आणखी दोन गोष्टी, कारण त्या अनेकांना ठाऊक नसतात. जेलमध्ये असताना मत देता येत नाही. सुटल्यावर देता येतं. मतदार यादीत नाव आहे का, ते पाहून घ्या. दुसरी गोष्ट अजून आत असलेल्यांची. नुसता दंड भरायला पैसे नाहीत म्हणून अडकलेल्या गरीब कैद्यासाठी केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून २५ हजारांपर्यंत, आणि जामिनासाठी कच्च्या कैद्यालाही मदत मिळू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस धारलाही आहे, देवासलाही. त्याच्या आईला एकटीला तिथं पाठवू नका. तुमच्यापैकी कुणीतरी तिच्याबरोबर जा.