मोनेचं व्हेनिस, आबालालांचं कोटीतीर्थ



क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार १९०८च्या ऑक्टोबरात बायकोला घेऊन व्हेनिसला गेला, तेव्हा तो अडुसष्टीला टेकला होता. रस्त्यांच्या जागी कालवे असलेलं हे शहर. मोनेच्या आधी कितीतरी चित्रकारांनी तिथले महाल आणि पूल रेघन्‌रेघ काढून ठेवलेले. त्यात आणखी काय काढायचं? मोनेनं दिवसाचे तास वाटून घेतले. सकाळी आठला एक जागा, दोन तासांनी दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा त्याच जागेवर हजर! डिसेंबरात तो परतला तेव्हा ३७ कॅनव्हास सुरू झाले होते.

त्यांतलं एक चित्र आज वेल्समध्ये, कार्डिफच्या संग्रहालयात आहे. सान जॉर्जो माजोरे नावाचं बेटावरचं चर्च आणि मावळतीची वेळ. चर्च डावीकडे, निळसर सावलीसारखं. त्याला खिडक्या-दारं शोधत बसू नका, सापडणार नाहीत. मनोरा तेवढा उंच गेलेला. क्षितिजाशी आकाश नारिंगी पेटलंय, वर जाता जाता पिवळं, मग हिरवट निळं होत गेलंय आणि तेच सगळं खाली पाण्यात सांडलंय. दगडी इमारत धुक्यासारखी विरघळलीय आणि उजेडाला मात्र वजन आलंय. मोनेचं खरं धाडस मला इथं दिसतं.

या चित्रांची एक गंमत आहे. १९११मध्ये मोनेची बायको अॅलिस वारली. त्यानंतर घरी बसून, आठवणीवर, त्यानं ही चित्रं पुरी केली आणि १९१२च्या मे महिन्यात पॅरिसला त्यांतली २९ मांडली. सहीखाली साल मात्र १९०८चंच! हिशेबनिसाला हे चालणार नाही. चित्रकाराच्या लेखी ती संध्याकाळ १९०८चीच होती.

आता आपल्या गावात येऊ. त्याच काळात कोल्हापुरात आबालाल रहिमान कोटीतीर्थ तलावाच्या काठी राहून चित्रं काढत होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा माणूस. तिथली तालीम साहेबी वळणाची, हुबेहूब रेखाटनाची. ती घोटून ते गावी परतले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. दरबारी चित्रकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं फेटा, तलवार आणि जरीचा कोट येतो. आबालालांचा जीव मात्र रमला तो कोटीतीर्थ, रंकाळा तलाव आणि पंचगंगा नदीचा घाट यांच्यात. व्हेनिसला जावं लागतं. आबालालांचं पाणी उंबऱ्यापाशीच होतं.

त्यांना मोनेच्या पंथात बसवून ‘कोल्हापूरचा इंप्रेशनिस्ट’ म्हणायची आपल्याकडे हौस आहे. मला ते फारसं रुचत नाही. पॅरिसचा शिक्का बसल्याशिवाय आपल्या माणसाची किंमत होत नाही, असा त्यात वास येतो. साम्य आहे, ते कामाच्या रीतीत. पाणी काढणारा माणूस खरं तर वेळ काढत असतो. काठावरचं झाड, घाटाची पायरी सकाळी जिथं होती तिथंच दुपारी असते. पाणी तासाभरात पार बदलतं. म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा बसावं लागतं. फरक साधनाचा, मोनेचे तैलरंग आणि आबालालांचे जलरंग. तैलरंगात उजेड वरून चढवता येतो, चुकलं तर खरवडता येतं. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. लाटेवरची चमक हवी असेल तर तेवढा कागद आधीच राखून ठेवायचा. एकदा त्यावर रंग गेला की चमक गेली.

मोनेच्या चित्रांची नोंद झाली, ती विकली गेली, जपली गेली. कार्डिफचं चित्र ग्वेंडोलिन डेव्हिस या बाईंनी १९१२लाच विकत घेतलं होतं. आबालालांचं उलट. शाहू महाराज १९२२ साली गेले आणि आश्रय संपला. हलाखीतच १९३१मध्ये आबालालही गेले. चित्रं फुटली, हरवली, कुणाकुणाकडे गेली. उरलेल्यांपैकी काही आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत. तिथं जाणारे बहुतेकजण कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती बघतात आणि बाहेर पडतात. रोमन काळातला हा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, हे कुतूहल रास्तच. पण पाण्याचा खरा जाणकार तिथंच भिंतीवर आहे. त्याच्यासमोर पाच मिनिटं उभं राहायला काय हरकत आहे?

शिवाय ही चित्रं म्हणजे आपल्या पाण्याचा जुना दाखलाही आहे. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस बांधायला सुरुवात झाली तीच आबालाल गेले त्या सुमारास. त्यांनी पाहिलेल्या रंकाळ्यात या महालाच्या मनोऱ्याचं प्रतिबिंब नव्हतं. आपण गेल्या काही वर्षांत तिथं सांडपाणी पाहिलं, जलपर्णी पाहिली. जलपर्णीनं पाणी झाकलं की प्रतिबिंब पडायला जागाच उरत नाही. मग तलावातला संध्यामठ दिसतो, आकाश दिसतं, पण मधला दुवा तुटतो. कोल्हापुरातली कलाशाळेची मुलं आजही बोर्ड-कागद घेऊन काठावर लँडस्केप करायला बसतात. त्यांच्यातला एखादा अशा दिवशी हिरव्या रंगाची ट्यूब पिळून पाण्याच्या जागी सपाट हिरवा लावतो. त्याचं काही चुकत नाही. समोर दिसतं तेच तो काढतोय.