दगडूची गोष्ट ऐकणारा दया

बालपणीचं दुःख कागदावर ओतलं की मन हलकं होतं, असं आपण सहज म्हणून जातो. हे अर्धंच खरं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, जिव्हारी लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायचं होतं. लिहून उठताना त्यांना वाईटच वाटत होतं. मात्र काय घडलं आणि काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या एका अभ्यासात असंही आढळलं, की ज्यांच्या लिखाणात ‘मी’ कधी पुढे येतो, कधी मागे सरतो, त्यांची प्रकृती अधिक सुधारते. म्हणजे गुण येतो तो एकाच प्रसंगाकडे जागा बदलून पाहण्याने.

मराठीत हा जागाबदल १९७८ सालीच झाला होता. दया पवार यांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ती ऐकतो दया पवार. दोघं एकच! पण हातभर अंतरावर बसवल्यामुळे त्या पोराची लाज वाटण्याऐवजी त्याचं ऐकून घेता येतं. मला स्वतःविषयीची करुणा म्हणायची आहे ती हीच. कुणी म्हणेल, ‘बलुतं’ हे जातिव्यवस्थेवरचं आरोपपत्र आहे, त्याला औषधाची बाटली कशाला करता? आक्षेप रास्त आहे. पण साक्ष द्यायची तर साक्षीदाराला आधी स्वतःची लाज बाजूला सारावी लागते.

दुसरा आक्षेप असा, की करुणेने अपराधी सुटतो. पण किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात आईवाचून काढलेले दिवस लपवलेले नाहीत, तिला नाचायला लावून तिच्या कमाईवर जगणारं घरही लपवलेलं नाही. आईची बाजू समजली म्हणून जाब विचारणं थांबत नाही, उलट तो नेमक्या ठिकाणी विचारला जातो. मात्र अशा लेखनाचा गुण सरासरीने माफकच असतो, हे २००६ साली सुमारे दीडशे अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं. लिहिताना झोप उडू लागली, तर वही मिटून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. पुस्तक निघालंच पाहिजे, असंही नाही; पेनेबेकरांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेलं छापण्यासाठी नव्हतंच.